लोणारचे इंगळे आणि जर्मन सह्या

लोणारच्या पोस्टात माझी बदली झाली, त्याच आठवड्यात काउंटरवर एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि उजव्या हाताची नखं तपकिरी पडलेली. त्यांनी एक जाड पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

"मॅडम, हे जर्मनीले जाईन. संग उत्तराचं कूपन पाह्यजे. अन् शिक्का जरा हलक्या हातानं मारा, आत फोटो हाये."

उत्तराचं कूपन म्हणजे पत्रासोबत पाठवायचा एक कागद. परदेशातला माणूस तो आपल्या पोस्टात देऊन त्यावर उत्तरासाठी टपालाचं तिकीट घेऊ शकतो. खामगावच्या मोठ्या पोस्टात नोकरी करूनही मी ते कधी हाताळलं नव्हतं. मला गोंधळलेली पाहून आमचे पोस्टमास्तर आतून म्हणाले, "वरच्या खणात आहे. ते फक्त इंगळेंसाठी मागवून ठेवावं लागतं."

तुळशीराम इंगळे यांचा बसस्टँडच्या मागच्या बाजूला फोटो स्टुडिओ होता. नखं फोटो धुवायच्या डेव्हलपरनं, त्या रसायनानं रंगलेली होती हे मला नंतर कळलं. शाळेच्या दाखल्याला लागणारे फोटो, लग्नाचे अल्बम, सरोवर पाहायला आलेल्या मंडळींचे फोटो यावर त्यांचं घर चालायचं. आणि त्याच स्टुडिओच्या एका लोखंडी कपाटात दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यांचे सही केलेले फोटो होते, शंभराच्या वर.

त्याच महिन्यात त्यांच्या नावाचं एक टपाल आलं. पोस्टमननं घरी नेऊन दिलेलं त्यांना चालत नसे, ते स्वतः न्यायला यायचे. त्यांनी आधी पोस्टामागच्या नळावर हात धुतले, रुमालाला पुसले, दोन्ही हात उजेडात धरून पाहिले. मग खिशातून फोटोच्या कडा कापायची पाती काढून पाकीट असं उघडलं की फाटल्याचा आवाजही झाला नाही. आत पोस्टकार्डाएवढा फोटो होता. तरुण अधिकारी, टोपीवर गरुड, गळ्याशी क्रॉस, आणि खाली निळ्या शाईत थरथरत्या म्हाताऱ्या हाताची सही. इंगळेंनी फोटो कडांना धरून खिडकीशी तिरका केला आणि मला जवळ बोलावलं.

"पाहा मॅडम, शाई कशी कागदाच्या वर बसेल हाये. सहीचाच फोटो काढून छापला असता त अशी चमकली नसती. या मानसानं खरंच हात चालवला."

"पण तुम्हाला यांच्या सह्या कशाला हव्यात?"

त्यांनी फोटो पाकिटात सरकवला. "हे काउंटरवर सांगाचं नाई. स्टुडिओत या."

गावात त्यांना मागून 'हिटलरवाले इंगळे' म्हणत. मीही ते ऐकलं होतं, म्हणून स्टुडिओत जायला जरा कचरत होते. गेले तेव्हा पहिल्यांदा दिसली ती बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी लष्करी गणवेशातल्या एका सडपातळ माणसाचा फोटो. खालच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'नाईक किसन इंगळे'. भिंतीवर एकही जर्मन नव्हता.

"हा माहा बाप," इंगळे म्हणाले. "इटलीत स्ट्रेचर उचले."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून पुढे अनेकदा ऐकलं, आणि त्यात एक शब्दही कधी वाढला नाही. इटलीतल्या एका नदीकाठी लढाई चालू होती. किसन इंगळे एका जखमी शिपायाला घेऊन ओढ्यात अडकले. जोडीदार मारला गेला होता. दुसऱ्या दिवशी जर्मन तुकडीनं त्यांना पकडलं. तुकडीच्या कॅप्टननं त्यांचे सुकलेले ओठ पाहिले आणि कमरेची पाण्याची बाटली काढून दिली. किसनरावांनी गावच्या सवयीनं ती तोंडापासून वर धरली आणि पाणी घशात ओतलं. बाटलीला आपले ओठ लागू नयेत म्हणून. कॅप्टनला काही कळेना. त्यानं बाटली परत घेतली, स्वतः तोंड लावून प्यायला आणि पुन्हा पुढे केली.

"मंग बाप तोंड लावून प्याला," इंगळे म्हणाले. "वैऱ्याच्या बाटलीले. अन् इकडं आपल्या गावात विहिरीवर..."

ते वाक्य त्यांनी कधीच पुरं केलं नाही.

कॅप्टनला थोडं इंग्रजी येत होतं. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि जखमीला घेऊन परत जा अशी खूण केली. तो जखमी शिपाई जगला. पुढे कितीतरी वर्षं त्याची पत्रं लोणारला येत होती. किसनरावांची शेवटपर्यंत एकच इच्छा राहिली. त्या कॅप्टनला कुणीतरी कळवावं, की तू सोडलेला माणूस वाचला.

वडील गेल्यावर काही वर्षांनी सरोवराचा दगड तपासायला एक जर्मन शास्त्रज्ञ लोणारला आला. आकाशातून पडलेल्या उल्केनं झालेलं हे विवर पाहायला असे लोक येतच असतात. दगडांचे फोटो काढायला त्यानं इंगळेंना सोबत घेतलं. आठ दिवस दोघं विवराच्या उतारावर हिंडले. शेवटच्या दिवशी तो स्टुडिओत चहाला आला, भिंतीवरचा फोटो पाहून थबकला आणि म्हणाला, "माझे मामा तिथेच होते, नदीच्या दुसऱ्या बाजूला."

मामा तो कॅप्टन नव्हता. पण त्यानं आपला सही केलेला फोटो पाठवला, आणि ओळखीच्या दुसऱ्या अधिकाऱ्याचा पत्ता. दुसऱ्यानं तिसऱ्याचा दिला. अशी ही सह्यांची माळ सुरू झाली. फोटो मागायचा कारण बापानं चेहरा सांगितला होता, डाव्या भुवईवर आडवा वण. सही मागायची कारण, इंगळेंच्याच शब्दांत, "सही केली का मानूस आपल्या बोलन्याले बांधला जाते."

मी आले तेव्हा त्यांची पत्रं इंग्रजीत जायची, मीही काही तपासून दिली. पण त्यांचं समाधान होईना. शास्त्रज्ञानं पाठवलेलं शिकायचं पुस्तक आणि एक शब्दकोश घेऊन ते जर्मन शिकू लागले. मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, वय पंचेचाळिशीच्या पुढे. डार्करूममध्ये फोटो पाण्यात पडलेले असायचे आणि आतून घोगऱ्या आवाजात क्रियापदं ऐकू यायची. चार वर्षांत ते पत्र लिहायला लागले. मी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेली, पण एवढ्या हट्टानं मी आयुष्यात काही शिकले नाही.

भाषा आली तशी पुस्तकं आली, आणि पुस्तकांबरोबर ते सगळं आलं जे या फोटोंत दिसत नव्हतं. छावण्या, जाळलेली गावं, माणसांची यादी करून त्यांना मारणं. एकदा मी गेले तेव्हा इंगळे कपाटासमोर नुसते बसून होते. म्हणाले, "मॅडम, म्या इतके दिवस एकच गोष्ट इचारून राह्यलो होतो. आता दुसरीबी इचारा लागन."

तेव्हापासून प्रत्येक पत्रात दोन प्रश्न जायला लागले. त्या नदीकाठी तुम्ही होता का? आणि, निःशस्त्र माणसं मारली जात होती तेव्हा तुम्ही कुठे होता, काय केलं? पुष्कळांनी पत्रं बंद केली. एकानं रागानं फोटो परत मागितला, तो इंगळेंनी पोचपावतीसह पाठवून दिला. काहींनी मात्र पानंच्या पानं लिहिली. एका म्हाताऱ्यानं लिहिलं होतं की हे मला माझ्या मुलांनीही कधी विचारलं नाही.

मुंबईहून एकदा जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. त्याला इंगळेंचे फोटो हवे होते, बदल्यात तो आपल्याकडचे दहा देणार होता. मोठमोठ्या सेनापतींचे. मी तेव्हा स्टुडिओतच होते. इंगळेंनी दहाही फोटो एकेक करून खिडकीशी नेले. मान तिरकी, भिंग डोळ्याला. मग त्यांनी सात फोटो एका बाजूला ठेवले.

"हे सात एकाच हाताचे हायेत. पेन उचलाची पद्धत पाहा."

व्यापारी हसला. "आणि राहिलेले तीन?"

"दोन बरोबर हायेत. हा एक पाहा." इंगळेंनी तो फोटो वाकवून सोडला. "हा प्लास्टिकचा लेप असलेला कागद हाये. हा कागद बाजारात आला तवा म्या लग्नाचे फोटो काढत होतो. अन् हा साहेब त लढाईतच मेला. सही कराले कुठून आला?"

व्यापाऱ्यानं फोटो गोळा केले. जाताना दारात थांबून त्यानं इंगळेंना नमस्कार केला, तो खरा होता असं मला वाटतं.

दुसरा प्रसंग एका तरुण पुढाऱ्याचा. त्याला आपल्या कार्यालयात लावायला एखादा रुबाबदार फोटो हवा होता. "काका, काय शिस्त होती त्या लोकायची! आपल्याले असेच मानसं पाह्यजेत."

इंगळेंनी चष्मा काढला. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही, तेव्हाही चढला नाही. "बस. वाचून दाखोतो." कपाटातून त्यांनी एक पत्र काढलं आणि जर्मनमधून थेट वऱ्हाडीत सांगत गेले. पूर्वेकडच्या एका गावात ज्यू लोकांना खड्ड्याच्या कडेला कसं उभं केलं, पोरांनी आयांचे हात कसे सोडले नाहीत. लिहिणारा अधिकारी ट्रकजवळ उभा राहून सिगारेट ओढत होता. पत्र संपलं तेव्हा तो तरुण खाली पाहत होता.

"त्यायच्या हिशोबात तू अन् मीबी मानूस नव्हतो," इंगळे म्हणाले. "आता सांग, कोनता फोटो देऊ?"

तो उठून गेला. पुढे दोन-तीनदा तो स्टुडिओत आला आणि बसून पत्रं ऐकून गेला, हे मी स्वतः पाहिलंय.

सह्यांच्या त्या माळेतून शेवटी कॅप्टनचं पत्र आलं, तेव्हा मी काउंटरवरच होते. हात धुणं, पाती, सगळं नेहमीसारखं झालं. पण वाचता वाचता इंगळे मागे सरकत बाकावर बसले. मी पाणी घेऊन धावले. त्यांनी हातानंच थांबवलं, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं आणि मग मला सांगितलं.

"कॅप्टन लिवते का, माह्या वहीत एक नाव हाये, इंगळे. त्यानं मले सांगतलं होतं, आमच्या गावाजवळ एक गोल तळं हाये, त्याचं पानी खारं हाये, अन् ते कोनीच पीत नाई." त्यांनी पत्र खाली घेतलं. "मॅडम, म्या कोनत्याच पत्रात तळ्याचं नाव काढलं नव्हतं. मुद्दाम."

सोबत फोटो होता. डाव्या भुवईवर आडवा वण होता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पत्रात नव्हतं, आणि त्या दिवशी इंगळेंनी ते पुन्हा विचारलं नाही.

त्याच काउंटरवर उभं राहून त्यांनी उत्तर लिहिलं. एकच ओळ, की तुम्ही सोडलेला जखमी शिपाई वाचला आणि म्हातारा होऊन आपल्या घरी मेला. पाकीट माझ्या हातात देताना त्यांचे डोळे भरले होते. कॅप्टनचा फोटो त्यांनी वडिलांच्या शेजारी लावला. भिंतीवर चढलेला तो पहिला आणि एकमेव जर्मन. वर्षभर दोघांची पत्रं चालू होती. कॅप्टन आपल्या बागेबद्दल लिहायचा, इंगळे सरोवरावर येणाऱ्या पक्ष्यांबद्दल.

मग त्या शास्त्रज्ञानं वर्तमानपत्राचं एक कात्रण पाठवलं. सोबत लिहिलं होतं, हे तुम्हाला पाठवू की नको असा मी महिनाभर विचार करत होतो. नदीकाठच्या त्या लढाईनंतर काही आठवड्यांनी इटलीतल्या एका डोंगरी गावात म्हातारी माणसं, बायका आणि मुलं चौकात उभी करून मारली गेली होती. तुकडी तीच होती. कॅप्टनचं नाव होतं.

तीन दिवस स्टुडिओ बंद राहिला. त्यांच्या पत्नी, इंगळेबाई, मला रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "जेवत नाईत. बोलत नाईत. नुसते बापाच्या फोटोसमोर बसून राह्यले."

चौथ्या दिवशी ते पोस्टात आले. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं, हातात पुठ्ठ्यांमध्ये बांधलेलं पार्सल. आत कॅप्टनचा फोटो होता. सोबतच्या पत्रात काय लिहिलंय ते त्यांनी मला सांगितलं, आणि मी ते त्याच दिवशी माझ्या डायरीत उतरवून घेतलं. 'साहेब, तुम्ही माझ्या वडिलांना पाणी दिलं. ते मला परत करता येत नाही, ते आमच्या अंगात गेलं. सही परत करता येते, ती करतो. त्या गावात तुम्ही होता का, एवढंच मला लिहा.'

मी म्हणाले, "इतक्या वर्षांनी सापडलेला माणूस. फोटो नुसता भिंतीवरून काढून ठेवला असता कपाटात."

"बापाले जे देलं ते खरं हाये. त्या गावात झालं तेबी खरं हाये. एक झाकून दुसरं कसं पाहू मॅडम?"

कित्येक महिने काही आलं नाही. इंगळे रोज बारा वाजता येऊन विचारायचे आणि जायचे. मला वाटलं, संपलं. मग एके दिवशी तेच पुठ्ठे परत आले, वेगळ्या दोऱ्यानं बांधलेले. आत तोच फोटो. इंगळेंनी तो उलटा केला. मागे सगळीकडे बारीक अक्षर होतं, ओळी खाली घसरत गेलेल्या. त्यांनी हळूहळू वाचलं. गावाचं नाव होतं. पुढे होतं, मी तिथे होतो. हुकूम माझ्या हातातून पुढे गेला. मी तो थांबवू शकलो असतो की नाही हे मी आयुष्यभर स्वतःला विचारलं, पण मी थांबवायचा प्रयत्न केला नाही, एवढं मला माहीत आहे. खाली सही होती.

मी त्या सहीकडे पाहत राहिले. कपाटातल्या शंभर सह्यांत अशी एकही नव्हती. जगात कुठल्या संग्रहात तरी असेल का, कोण जाणे.

इंगळेंनी ती आठ दिवस ठेवली. नवव्या दिवशी ते पुन्हा पार्सल घेऊन आले. पत्ता इटलीतल्या त्या डोंगरी गावच्या सरपंचाचा होता.

"इंगळे, अहो, ही तुमची सगळ्यात मोठी सही!"

"हाव. पन ज्यायचे लोक मेले, त्यायची हाये ती."

मी शिक्का हलक्या हातानं मारला.

तिकडून उत्तर आलं ते इटालियनमध्ये. शास्त्रज्ञाकडून त्याचं जर्मन करून आणेपर्यंत दोन महिने गेले. गावच्या चौकात सगळ्यांना जमवून कबुली मोठ्यानं वाचली होती. दोन बहिणी गमावलेली एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, हे ज्यानं विचारलं त्याचा चेहरा मला पाहायचाय. त्याचा फोटो मागवा, सही करून.

गंमत अशी की हजारो माणसांचे फोटो काढणाऱ्या इंगळेंचा स्वतःचा धड एक फोटो नव्हता. त्यांनी मला कॅमेऱ्यामागे उभं केलं, सगळं लावून दिलं आणि पडद्यासमोर स्टुलावर बसले. "बटन दाबतानी श्वास घेऊ नका," एवढंच सांगितलं. सही करायला पेन उघडलं आणि अडले. "कोनत्या भाषेत करू?" मी म्हणाले, तुमच्या. त्यांनी फोटोच्या कोपऱ्यात देवनागरीत सावकाश लिहिलं, तुळशीराम किसन इंगळे, लोणार.

त्यानंतर माझी मेहकरला बदली झाली आणि तिथूनच मी निवृत्त झाले. कॅप्टन वारला, शास्त्रज्ञही गेला. पत्रं लिहिणारे सगळेच एकेक करून गेले. स्टुडिओच्या जागी आता इंगळेंच्या मुलाचं मोबाइलचं दुकान आहे. माझं लोणारला जाणं कमी झालं होतं. गेल्या हिवाळ्यात मुद्दाम एसटीनं गेले.

इंगळे दुकानाच्या मागच्या खोलीत उन्हात बसले होते. पंच्याऐंशीच्या घरातले. डोळ्यांना कमी दिसतं, हात कापतात. पलंगावर सगळे फोटो पसरलेले. प्रत्येक फोटोसाठी ते एक कागद लिहून ठेवत होते, मराठीत. हा कोण, याला काय विचारलं, यानं काय उत्तर दिलं. नुसते फोटो पाहून उद्या कुणी भलतंच समजू नये म्हणून. निम्मे झाले होते, पुढे हात चालेना.

"आलात ते बरं झालं मॅडम," ते म्हणाले. "बसा. म्या सांगतो, तुमी लिवा."

दुपारभर मी लिहिलं. त्यांना प्रत्येक माणूस आठवत होता, प्रत्येक पत्र. उन्ह पलंगावरून सरकून भिंतीवर गेलं. एका फोटोशी ते थांबले. सही सुंदर होती, माणूसही देखणा. पण दुसऱ्या प्रश्नाला त्यानं कधीच उत्तर दिलं नव्हतं.

मी म्हणाले, "हा कोरा सोडू का?"

"कोरा नका सोडू." त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, खाली ठेवला. "लिवा, इचारलं होतं."

मी लिहिलं. त्यांनी चाचपडत पुढचा फोटो उचलला आणि माझ्या हातात दिला.